तेराव्या दिवसानंतर

वसंत ऋतूतील व्याख्यानांचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली तो पुण्यात सुरू केला आणि पुढे गावोगावी त्याचे अनुकरण झाले. या व्यासपीठावरून शेती, सहकार, इतिहास, साहित्य, आरोग्य असे नाना विषय बोलले जातात. मरण हा विषयही अधूनमधून येतो. पण तो बहुधा तत्त्वज्ञानाच्या वाटेने येतो. आत्मा अमर आहे काय, मोक्ष कशाला म्हणावे, अशा चर्चा होतात आणि त्या ऐकावयास बऱ्याही वाटतात. परंतु ज्याच्या घरातले माणूस गेले, त्याने दुसऱ्या महिन्यात सकाळी उठून काय करावे, कोणाजवळ बसावे, आणि शेजाऱ्याने त्याच्याशी काय बोलावे, हा साधा प्रश्न सभेत निघत नाही. आज आम्ही तोच घेतला आहे.

या प्रश्नाला पाश्चात्य देशांतील अनेक चर्चनी एक व्यवहारी उत्तर शोधले आहे. माणूस गमावलेले आठ-दहा जण दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी चर्चच्या एखाद्या खोलीत एकत्र बसतात, आपापले दुःख सांगतात, दुसऱ्याचे ऐकतात आणि घरी जातात. एवढेच. ऐकताना ही गोष्ट इतकी साधी वाटते, की तिच्यात विशेष ते काय, असे कोणीही म्हणेल. ते विशेष काय आहे, आपल्या परंपरेत त्याच्या जवळचे काय आहे, आणि शिरोळ तालुक्यासारख्या मुलखात त्याचा उपयोग कसा करता येईल, हे क्रमाने पाहावयाचे आहे.

आधी आपल्याच घरातून सुरुवात करू. आपल्या भागात मर्तिक झाले की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारपाजारचे लोक पिठले-भाकरी आणून देतात. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होते. पैपाहुणे भेटावयास येतात, दारात सतरंजी अंथरलेली असते, आणि येणारा प्रत्येकजण थोडा वेळ काही न बोलता बसतो. दहावा, बारावा, तेरावा होतो. मुसलमान बांधवांत तिसऱ्या दिवसाची जियारत आणि चाळिसावा असतो. ख्रिस्ती कुटुंबांत दफनानंतर स्मरणार्थ प्रार्थना होते. धर्म वेगळे, विधी वेगळे. पण या सर्वांच्या मुळाशी एकच शहाणपण आहे. दुःखी माणसाला पहिले काही दिवस एकटे सोडावयाचे नाही, त्याला काय करावयाचे याचा विचारही करू द्यावयाचा नाही, हे ते शहाणपण. पिंडाला कावळा शिवतो की नाही याची वाट पाहत नदीकाठी उभे असलेले दहा माणसांचे कोंडाळे, हेही एका अर्थी दुःखितांचे मंडळच होय.

या रीतीची किंमत आपल्याला २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कळली. कोरोनाच्या साथीत अंत्यविधीला वीसच माणसांची मर्यादा होती, आणि साथीने गेलेल्या माणसाच्या बाबतीत तर घरच्यांना चेहराही नीट पाहावयास मिळाला नाही. पाहुणे आले नाहीत, सतरंजी अंथरली गेली नाही, कोणी पिठले-भाकरी आणून दिली नाही. अशा घरांतील माणसे आजही म्हणतात, "तो गेला हे अजून खरे वाटत नाही." त्यात नवल नाही. दहा माणसांनी दारात येऊन बसणे, ही गेलेल्या माणसाच्या जाण्याची गावाने दिलेली साक्ष असते. ती साक्षच झाली नाही.

परंतु आपली रीत एका ठिकाणी तोकडी पडते. ती तेराव्या दिवशी संपते. गोडाचे जेवण होते, पाहुणे एसटीत बसतात, मुलगा नोकरीच्या गावी परत जातो, आणि घरात एक बाई किंवा एक म्हातारा उरतो. ज्या दिवशी लोकांचे येणे थांबते, त्या दिवसापासून खरे दुःख सुरू होते. पहिले दोन आठवडे माणूस बधिर असतो. मनाला जाग येते ती त्यानंतर. दुधवाल्याला अर्धा लिटर कमी सांगावे लागते, तेव्हा. संध्याकाळी बाहेर चपलांचा आवाज येतो आणि मान आपोआप वळते, तेव्हा. नेमक्या या वेळी सभोवतालचे जग म्हणू लागते, "आता पुरे झाले, मन घट्ट करा."

शोकावर आधुनिक वैद्यकाने लक्ष दिले, ते एका भयंकर घटनेनंतर. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात कोकोनट ग्रोव्ह नावाच्या उपाहारगृहाला आग लागली आणि ४९२ माणसे मेली. त्यांच्या मागे राहिलेल्यांवर उपचार करताना डॉ. एरिक लिंडेमन यांनी शोक कसा दिसतो याचा अभ्यास केला. १९४४ साली त्यांनी १०१ शोकग्रस्तांच्या निरीक्षणावर आधारलेला लेख प्रसिद्ध केला. छातीत दाटून येणे, श्वास अपुरा वाटणे, अंगातले बळ गेल्यासारखे होणे, या गोष्टी लाटांसारख्या येतात आणि ओसरतात. गेलेल्याचे रूप डोळ्यांसमोरून हलत नाही. "मी दवाखान्यात लवकर नेले असते तर" अशी टोचणी लागते. जवळच्याच माणसांवर राग येतो. रोजची कामे करण्याची घडी विसकटते. ही सर्व लक्षणे वेडाची नसून शोकाची आहेत, हे त्या लेखामुळे पुष्कळांच्या ध्यानात आले. आपल्या डोक्यावर परिणाम झाला की काय, या भीतीने अर्धमेली झालेली माणसे आम्ही पाहिली आहेत. असे सर्वांनाच होते, एवढे कळल्यानेही त्यांना हायसे वाटते.

याच संदर्भात एक गैरसमज दूर केला पाहिजे. शोकाच्या पाच पायऱ्या असतात, नाकारणे, संताप, घासाघीस, विषाद आणि स्वीकार, असे शिकलेल्या लोकांच्या तोंडून वारंवार ऐकू येते. ही मांडणी डॉ. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांच्या १९६९ सालच्या ग्रंथातली. पण तो ग्रंथ मरणाच्या दारात उभ्या असलेल्या रोग्यांविषयीचा होता. पायऱ्या मागे राहिलेल्यांना लावल्या गेल्या त्या नंतर. दुःख जिन्यासारखे पायरीपायरीने उतरत नाही. नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ साली मांडलेले चित्र आम्हास अधिक खरे वाटते. त्यांच्या मते दुःखी माणूस झोपाळ्यासारखा दोन टोकांमध्ये हेलकावत असतो. एका टोकाला गेलेल्याची आठवण आणि रडे. दुसऱ्या टोकाला बँकेचे काम, मुलांची फी, उसाची तोड. सकाळी या टोकाला, दुपारी त्या टोकाला. हे हेलकावणे हीच बरे होण्याची रीत आहे. नवरा गेल्यावर महिन्याभरात शेतावर हसताना दिसलेल्या बाईला नावे ठेवणारे, आणि वर्षाने सणाच्या दिवशी रडताना दिसलेल्या तिलाच "अजून कशाला" म्हणणारे, असे दोघेही या अभ्यासाच्या कसोटीवर चुकीचे ठरतात.

आता मंडळाकडे वळू. १९५९ साली इंग्लंडात मार्गारेट टॉरी यांनी विधवा आणि त्यांची मुले यांच्यासाठी 'क्रूझ' ही संस्था काढली. १९६७ साली बोस्टनमध्ये फिलिस सिल्व्हरमन यांनी असा प्रयोग केला, की नवी विधवा झालेल्या बाईकडे डॉक्टर किंवा समाजसेविका न पाठवता आधी विधवा झालेली बाईच पाठवावयाची. आमच्या विषयाशी सर्वांत जवळची गोष्ट मात्र इंग्लंडातल्याच कोव्हेंट्री शहरातली आहे. तेथील इस्पितळात १९६८ साली दोन मुलगे थोड्याच दिवसांच्या अंतराने मरण पावले. इस्पितळात धर्मसेवेचे काम करणारे सायमन स्टीफन्स नावाचे तरुण पाळक दोन्ही घरांना ओळखत होते. त्यांच्या ध्यानात आले, की आपण जे देऊ शकत नाही ते ही दोन घरे एकमेकांना देऊ शकतात. एका घराने दुसऱ्या घरच्या मुलासाठी फुले पाठवली, मग चहाला भेटी झाल्या, आणि १९६९ साली तेथूनच मुले गमावलेल्या आईबापांची संघटना उभी राहिली. पुढे ती अनेक देशांत पसरली. या गोष्टीत धर्मगुरूचा मोठेपणा कशात आहे? आपल्या प्रवचनापेक्षा दुसऱ्या दुःखी आईचा सहवास अधिक मोलाचा आहे, हे त्याने ओळखले आणि तो बाजूला झाला, यात.

त्यानंतर अनेक चर्चनी हा उपक्रम आपलासा केला. १९९०च्या दशकात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथून 'ग्रीफशेअर' नावाचा एक ठरीव क्रम निघाला. तो तेरा आठवड्यांचा असतो. प्रत्येक बैठकीत एक चित्रफीत पाहावयाची, मग तीवर आपसात बोलावयाचे, आणि घरी एका वहीत थोडे लिहावयाचे, अशी त्याची पद्धत. आपले तेरा दिवस आणि त्यांचे तेरा आठवडे. योगायोग खराच, पण विचार करावयास लावणारा. आपली रीत जेथे हात सोडते, तेथे ही रीत हात धरते.

चर्चमध्येच हे का रुजले? याला काही व्यवहारी कारणे आहेत. तेथे जागा फुकट असते, दर आठवड्याला जमण्याची सवय असते, आणि आजारी व दुःखी घरी भेटीला जाणे हे एखाद्याचे नेमून दिलेले कामच असते. याशिवाय त्या धर्माच्या ग्रंथात दुःखाला जागा आहे. लाजराच्या थडग्यापाशी येशूला स्वतःला रडू आले, असे योहानाचे शुभवर्तमान सांगते. ईयोबाच्या पुस्तकात तर सांत्वनाचे सर्व शास्त्रच आले आहे. ईयोबाची मुलेबाळे आणि गुरेढोरे गेल्याचे ऐकून त्याचे तीन मित्र येतात, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. कोणी अवाक्षर काढीत नाही. तोपर्यंत सर्व ठीक चालते. मग ते तोंड उघडतात, हे दुःख तुझ्यावर का आले याचा खुलासा करू लागतात, आणि तेथून त्यांचे सांत्वन ईयोबाला छळासारखे वाटू लागते. भेटावयास जाणाऱ्या प्रत्येकाने ही कथा एकदा वाचावी. "देवाची इच्छा", "त्याचे भोग संपले", "देवाला चांगलीच माणसे लागतात", ही वाक्ये बोलणाऱ्याचे मन हलके करतात. ऐकणाऱ्याचे करीत नाहीत. श्रद्धावंताला श्रद्धेचा आधार जरूर असतो, पण तो त्याने स्वतः घ्यावयाचा असतो. दुसऱ्याने तो त्याच्या गळ्यात घालावयाचा नसतो.

आपल्या परंपरेत असे काही नव्हते काय? होते, आणि चांगले होते. किसा गोतमीची बौद्ध कथा सर्वांना ठाऊक आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत आली, तेव्हा बुद्धांनी तिला ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणावयास सांगितले. या कथेचे तात्पर्य आपण मरण अटळ आहे असे सांगून मोकळे होतो. पण नीट पाहावे. अटळपणाचा उपदेश बुद्धांना जागेवर बसूनही करता आला असता. त्यांनी तिला दारोदार पाठवले. प्रत्येक दारात कोणीतरी आपल्या घरातला गेलेला माणूस तिला सांगितला असणार, आणि तिनेही आपले मूल दाखवले असणार. संध्याकाळपर्यंत ती गावभरच्या दुःखितांना भेटून आली होती. मोहरी हे निमित्त. औषध ते दारोदार जाणे होते.

तुकोबांच्या घरी १६३०च्या सुमारास दुष्काळाने पहिली बायको आणि मुलगा नेला. त्यानंतर ते भंडाऱ्याच्या डोंगराकडे आणि देवळाकडे वळले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. भजनी मंडळ आणि वारी यांनी आजवर किती शोकाकुल माणसांना सावरले, याची मोजदाद कोणी केलेली नाही. दिंडीत चालणाऱ्या बायकांत ज्यांचे कोणी गेलेले नाही अशी एकही नसावी. टाळाच्या ठेक्यात आवाज मिसळला की डोळ्यांतल्या पाण्याचा कोणी हिशेब विचारीत नाही, हा त्या रीतीचा मोठा गुण. तथापि एक फरक आहे. भजनात आपण संतांचे शब्द गातो. स्वतःचे शब्द बोलत नाही. "माझ्या मुलाने औषध प्यायले आणि आदल्या रात्री मी त्याला बोलले होते," हे वाक्य कोठल्याही अभंगात बसत नाही. ते बोलावयास वेगळी जागा लागते.

अशा जागा महाराष्ट्रात पूर्वी निर्माण झाल्या आहेत. पंडिता रमाबाईंनी आईबाप आणि बहीण गमावली होती. १८८२ साली पटकीने पती गेला. मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. त्याचा इतिहास आपण शिक्षणाचा आणि पुढे धर्मांतराच्या वादाचा म्हणून वाचतो. परंतु दुःखाच्या दृष्टीनेही त्याकडे पाहावे. ज्या मुलीला घरात अपशकुनी म्हणून कोपरा दिला होता, ती आपल्यासारख्याच दुसऱ्या मुलींबरोबर एका पंगतीला बसली. तेथील आरंभीच्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या आणि आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, त्यातही मूळ कल्पना तीच: एकटीचे दुःख घरात कुजते, चौघींचे दुःख कामाला लागते. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण थोडे निराळे. १९१९ साली रेव्हरंड टिळक गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. जी बाई लग्नाच्या वेळी निरक्षर होती तिने ते पूर्ण केले. गेलेल्याचे काम हाती घेणे, हाही त्याच्याशी नाते टिकवण्याचा मार्ग आहे.

हे नाते टिकवणे, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. गेलेल्यापासून मन सोडवून घेणे म्हणजेच शोकातून बाहेर पडणे, असे मानसशास्त्रात पुष्कळ वर्षे मानले जात होते. १९९६ साली क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांनी संपादिलेल्या ग्रंथाने या समजाला धक्का दिला. गेलेल्याशी नाते तुटत नाही, त्याचे रूप बदलते, असे त्यांनी दाखवले. आपल्याला यात नवे काही वाटणार नाही. पितृपक्षातले पान, २ नोव्हेंबरला कॅथलिकांनी थडग्यांवर लावलेल्या मेणबत्त्या, शबे-बरातच्या रात्री कबरस्तानातली ये-जा, यांचा अर्थ तोच आहे.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम नृसिंहवाडीस होतो, आणि नदी जेव्हा फुगते तेव्हा आपल्याकडे दुःख घरोघर एकदमच येते. २००५, २०१९ आणि २०२१ हे तीन महापूर तरुणांच्याही स्मरणात आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि एकाच गावातली अनेक माणसे बुडाली. अशा वेळी सांत्वनाला येणाऱ्याच्याच घरी मर्तिक असते. पंचनामे होतात, मदतीचे धान्य येते, नेतेमंडळी येऊन जातात; दुःख ऐकावयास मात्र कोणी नेमलेला नसतो.

याच तालुक्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत एक ठराव केला, तो आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला ६ मे रोजी शंभर वर्षे होणार होती. त्या स्मृतिवर्षात, सुरगोंडा पाटील सरपंच असताना, पती गेल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणे या प्रथा बंद कराव्यात, असे गावाने ठरवले. १७ मे रोजी राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवण्याचे आवाहन करणारे परिपत्रक काढले. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली विधवाविवाहाचा कायदा केला, तेथे हे घडावे हे योग्यच झाले.

या ठरावाकडे समाजसुधारणेच्या दृष्टीने पुष्कळांनी पाहिले. आम्ही सांत्वनाच्या दृष्टीने पाहतो. ज्या क्षणी बाईला सर्वांत अधिक धीर हवा, त्याच क्षणी चार बायकांनी तिचे हात धरून बांगड्या फोडावयाच्या, यापरता क्रूर विरोधाभास नाही. शिवाय पुढे हळदीकुंकवाला नाही, ओटी भरण्यात नाही, लग्नघरात मागे. म्हणजे बायकांनी बायकांना भेटण्याच्या जेवढ्या जागा, तेवढ्या सर्व तिला बंद. नवरा जातो तो जातोच. त्याच्याबरोबर तिच्या मैत्रिणीही जातात. हेरवाडच्या ठरावाने बंद केलेले दार उघडले. दार उघडल्यावर आत बसावयास जागा आणि बोलावयास माणूस हवे, हे पुढचे काम आहे. कोरोनात विधवा झालेल्या स्त्रियांसाठी २०२१ साली हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकल महिला पुनर्वसन समिती उभारली, आणि सरकारने 'मिशन वात्सल्य' सुरू केले. त्या कामात एक गोष्ट पुन्हा सिद्ध झाली: बाई पहिल्यांदा कागदपत्रांसाठी येते आणि दुसऱ्यांदा बोलण्यासाठी येते.

म्हणून मंडळात व्यवहाराचे ज्ञानही मिळाले पाहिजे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. सातबारावर वारसांची नोंद तलाठ्याकडे, ज्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, करून घ्यावी लागते. ती करताना बाईचे नाव गळत नाही ना, हे पाहावे लागते. दारिद्र्यरेषेखालील घरातला कमावता माणूस गेल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये मिळतात. संजय गांधी निराधार योजना आहे. हे सर्व ज्या बाईने वर्षापूर्वी स्वतः केले आहे, तिच्याइतके नीट कोणीही सांगू शकत नाही. आणि कागद घेऊन दोघी कचेरीच्या पायरीवर बसल्या की बाकीचे बोलणे आपोआप निघते.

मंडळ कसे चालवावे, याचे नियम थोडेच आहेत, पण ते पाळावे लागतात. माणसे आठ-दहाच असावीत. वार आणि वेळ बदलू नये. बायकांसाठी दुपारी चार ते साडेपाच ही वेळ बरी. येथे बोललेले येथेच राहील, हे पहिल्या दिवशी सर्वांनी कबूल करावे. एकजण बोलत असता दुसऱ्याने मध्ये बोलू नये, आणि मागितल्याशिवाय सल्ला देऊ नये. ज्याला बोलावयाचे नाही त्याने गप्प बसावे. बसणे हेही येणेच आहे. तुझ्यापेक्षा माझे दुःख मोठे, अशी तुलना करू नये. चालवणारा माणूस स्वतः या वाटेने गेलेला असावा, पण त्याची जखम अगदी ओली नसावी. वेळ संपली की उठावे; उघडे पडलेले मन किती वेळ उघडे ठेवावयाचे, यालाही मर्यादा असते.

एक अडचण मात्र खेड्यात हटकून येते. शहरातल्या मंडळात अनोळखी माणसे भेटतात. आपल्याकडे भिंतीला कान, आणि कानाला नाते. सासूविषयीची टोचणी ज्या बाईसमोर सांगावयाची ती सासूची चुलतबहीण निघते. यावर आम्हास सुचतो तो उपाय असा, की शिरोळच्या माणसाने जयसिंगपूरच्या मंडळात जावे, जयसिंगपूरच्याने कुरुंदवाडच्या, आणि कुरुंदवाडच्याने शिरोळच्या. बाजारहाटासाठी आपण जातोच. त्यात दीड तास अधिक. जागा देवळाचा सभामंडप असो, बस्ती असो, चर्च असो की वाचनालयाची खोली असो. येणाऱ्याला धर्म विचारू नये, आणि जाणाऱ्याने यजमानाच्या प्रार्थनेच्या वेळी मान राखून बसावे. एखादे चर्च आपले दार सर्वांना उघडत असेल तर तेथे जाण्यात हिंदू, जैन किंवा मुसलमान माणसाचे काही जात नाही. दुःखी माणसाला आपल्या धर्मात ओढण्याची संधी म्हणून जर कोणी मंडळ चालवीत असेल, मग तो कोणत्याही धर्माचा असो, तर मात्र तेथून उठून यावे.

मंडळाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सर्वांनाच त्याची गरज असते असे नाही. बहुतेक माणसे घरच्यांच्या आणि मित्रांच्या सोबतीने हळूहळू सावरतात, आणि ज्यांना जड जाते त्यांनाच अशा मदतीचा अधिक उपयोग होतो, असे संशोधन सांगते. काही थोड्यांचा शोक मात्र गोठून राहतो. सहा महिने, वर्ष उलटून गेले तरी तीव्रता तसूभर कमी होत नाही, खाणेपिणे, काम, माणसांत मिसळणे सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अंमलात आलेल्या रोगसूचीत या अवस्थेला दीर्घ शोकाचा विकार म्हणून जागा मिळाली आहे, आणि तिच्यावर उपचार आहेत. अशा वेळी मंडळाने डॉक्टरची वाट दाखवावी. कोणी जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला तर पुढच्या बैठकीची वाट पाहू नये. त्याच्याजवळ बसावे आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीतही बोलता येते.

"काळ हेच दुःखावर औषध" असे आपण सहज म्हणतो. पण नुसता काळ काही करीत नाही. तो काळ कोणाबरोबर गेला, यावर सर्व अवलंबून असते. एकटीने कोंडून काढलेले वर्ष आणि चौघींत बसून काढलेले वर्ष, ही दिनदर्शिकेवर सारखी दिसतात; माणसावर ती सारखी उमटत नाहीत.

तेव्हा मंडळ निघेल तेव्हा निघो. तोवर श्रोत्यांपैकी प्रत्येकाने एवढे करावे. गेल्या वर्षभरात आपल्या आळीत ज्या घरी मर्तिक झाले, ते घर आठवावे. तेरावा होऊन दोन महिने झाले असतील, चार झाले असतील. एखाद्या संध्याकाळी तेथे जावे, हातात काही नसले तरी चालेल. गेलेल्याचे नाव घ्यावे, कारण त्या घरात ते नाव घेणारे आता कमी झालेले असतात. आणि मग, ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस केले तेवढेच करावे. बसून राहावे.